प्रमुखपदाचा सल्ला

टेंभुर्णीहून पुण्याची एसटी धरणाऱ्या इंजिनिअर पोरींना सल्ल्यांचा तोटा नसतो. कोडिंग शिक, इंग्रजी सुधार, रात्री एकटी फिरू नकोस. प्रमुखपदी पोचल्यावर काय करायचं, हे मात्र कुणीच सांगत नाही. म्हणून मिनल दाखवे-भोसले यांच्याकडे पाहावं. पुण्याच्या मायलॅब कंपनीत संशोधन विभागाच्या प्रमुख असताना त्यांच्या चमूने कोरोना चाचणीचं किट सहा आठवड्यांत तयार केलं. १८ मार्च २०२० रोजी ते तपासणीसाठी राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेलं आणि दुसऱ्याच दिवशी मिनल यांना मुलगी झाली. बातम्यांनी कौतुक केलं ते बाळंतपणाचं. (बाई सोसते तेव्हाच आपल्याला थोर वाटते!) मला मोलाचा वाटतो तो त्यांचा कामातला हट्ट: एकाच नमुन्यावर दहा चाचण्या केल्या, तर दहाही निकाल सारखेच आले पाहिजेत. अधिकार असल्या हट्टातून येतो, केबिनच्या पाटीतून नव्हे. तेव्हा पोरींनो, बैठकीची टिपणं घेणं आणि वाढदिवसाचा केक आणणं ही कामं पाळीपाळीने सगळ्यांकडे जाऊ द्या. तुम्ही निर्णयाचं काम आणि बजेट मागून घ्या. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा हा कायद्याने दिलेला हक्क आहे, ती घेताना ओशाळू नका. फक्त जाण्याआधी कोणतं काम कुणाकडे सोपवलं ते ईमेलवर नोंदवून ठेवा. परतल्यावर आपली जबाबदारी परत मागताना तो ईमेल दाखवता येतो.