सिनेमा संपला, पण...

मैत्रिणींनो, काही चित्रपट असे असतात, की बघून आल्यावर हात पोळ्या लाटत असतात, पण मन काही थाऱ्यावर येत नाही. 1982 साली आलेला जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ त्यातलाच. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली.

स्मिता पाटीलने रंगवलेली सुलभा खात्यापित्या घरची सून. नवरा वकील. घरात ना मारहाण, ना छळ. तरी ती लहानग्या मुलीला घरच्यांवर सोपवून परगावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. तिथे कामाची धडपड करते, समितीशी भांडते, शेवटी राजीनामा देते. घरी परतते तर मुलगी दुरावलेली आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई! सुलभा पुन्हा घराबाहेर पडते.

छळाची गोष्ट असती तर सोपं होतं. आपण रडलो असतो, सासूला चार शब्द सुनावले असते आणि मोकळ्या झालो असतो. इथे तशी सोय नाही. सुलभेचं काम खरं आणि त्या पोरीचं पोरकेपणही खरं. म्हणून तर जीव घुसमटतो.

आमच्या भिशीच्या बायकांनी हा चित्रपट एकत्र बघितला. ‘पोटच्या पोरीला सोडून जाते म्हणजे काय!’ एकजण तावातावाने म्हणाली. तिचे यजमान सहा वर्षं बदलीच्या गावी होते. कुणीतरी तेवढंच विचारलं, ‘आणि तेव्हा तुझी मुलं?’ ‘अगं, त्यांची नोकरीच होती ना,’ ती म्हणाली आणि एकदम गप्प झाली. नंतर बराच वेळ कुणीच बोललं नाही.

चांगला चित्रपट हेच करतो बघा. उत्तर देत नाही, आपलंच बोलणं आपल्याला ऐकवतो.

तेव्हा असा चित्रपट बघून आलात की लगेच निकाल देऊ नका. रात्री जेवताना सगळ्यांना विचारा, ‘तुला कुणाचं पटलं?’ यजमानांना विचारा, वयात आलेल्या मुलामुलींनाही विचारा. मध्ये तोंड न घालता ऐका. सिनेमा बघून कुणी बॅग भरावी असं मी म्हणत नाही. पण इतकी वर्षं मनात ठेवलेली एखादी गोष्ट त्या निमित्ताने ताटावर बोलता आली, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणायचे!