हेडर खुशाल बदला, जाळीला हात लावू नका

जुन्या छोट्या गाडीला चांगला हेडर बसवणं यात काही गैर नाही. पण तो बसवताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे मिस्त्रींच्या बोलीतली ‘जाळी’, कापून फेकणं हा गुन्हा आहे, आणि आमच्या कोळशाच्या वणीत तर तो करूच नये.

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी इकडे ती अजून रोजच्या कामाची गाडी आहे. शिरपूर-मुकुटबनकडचे शेतकरी तिच्यातून बियाण्याच्या पिशव्या नेतात, राजूर कॉलरीतली माणसं तिच्यातून लेकरं शाळेत सोडतात. अशा गाडीचं, इंजिनाचा धूर गोळा करणारं बिडाचं मॅनिफोल्ड वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन एक दिवस तडकतं. माझ्या २००६ च्या गाडीचं तडकलं, तेव्हा मी त्याजागी तीन नळ्यांचा स्टीलचा हेडर घातला. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेलं, त्यामुळे पूर्ण काम उभं राहून करून घेतलं.

८०० ला तीन सिलिंडर. बिडाच्या मॅनिफोल्डात तिन्हींचा धूर जवळच्या जवळ एकाच पोकळीत कोंबला जातो. हेडरमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र, शक्यतो सारख्या लांबीची नळी असते. एकाचा झोत पुढे निघाला की त्याच्यामागे दाब उतरतो आणि पुढच्या सिलिंडरचा धूर सहज ओढला जातो. ७९६ सीसीच्या, ३७ अश्वशक्तीच्या इंजिनाला याने पंख फुटत नाहीत. पण घुग्घुस रोडवर कोळशाच्या ट्रकला मागे टाकताना ओढ जाणवते. नळी मात्र बारीकच हवी. पाइप जितका जाड तितकी पॉवर जास्त, हा समज साफ चुकीचा. जाड नळीत झोताचा वेग पडतो आणि कमी आरपीएमला गाडी मरगळते.

गंजलेल्या स्टडांवर रात्रभर तेल सोडून ठेवलं होतं, तरी एक तुटलाच. तो ड्रिलने काढून नवा आटा पाडला. हेडवर पट्टी आडवी धरून सपाटी तपासली, नवी गॅस्केट टाकली. नट मधून सुरू करून कडेकडे आवळले, आणि इंजिन एकदा तापून थंड झाल्यावर पुन्हा आवळले. तिन्ही नळ्या एक होतात तिथे ऑक्सिजन सेन्सरसाठी आटा वेल्ड करून घेतला.

मग मिस्त्री म्हणाला, “काकाजी, थे जाळी काहाले ठेवता? काढून टाकू, गाडी मोकळी होईन.”

पोरगा हाताचा चांगला आहे, मनाचाही. बहुतेक गिऱ्हाइकं हेच मागतात म्हणून तो बोलला. शिवाय काढलेल्या जाळीला भंगारात भाव येतो, कारण तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा मुलामा असतो. मधमाशीच्या पोळ्यासारख्या त्या बारीक छिद्रांतून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, नायट्रोजनची घातक ऑक्साइडं मोडतात. ही जाळी शिशाने निकामी होते. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली तेव्हा तिथे शिसेविरहित पेट्रोल द्यावं लागलं, आणि फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं. जिच्यासाठी देशाने पेट्रोल बदललं, ती जाळी आपण अर्ध्या तासात कटरने कापतो. मी ती काढू दिली नाही.

कोळशाच्या गावात एका ८०० च्या धुराचं काय घेऊन बसलात, असं लोक विचारतात. लालपुलियाच्या कोळसा डेपोंची काळी भुकटी डोळ्यांना दिसते, पायाला लागते. तिच्याविरुद्ध निदान बोंब मारता येते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. शाळेच्या फाटकासमोर गाडी चालूच ठेवून बाप उभा राहतो, तेव्हा हा वायू लेकरांच्या अंगावर सुटत असतो. आधीच धूळ खाणाऱ्या फुप्फुसांवर हा भार आपण स्वतः घालायचा?

नागपुरात पोलिसांनी फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवला, ते योग्यच केलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये हवा आणि आवाज दोन्हींच्या प्रदूषणासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण आवाज करणारा सापडतो, जाळी कापलेली गाडी शांतपणे निघून जाते. पीयूसीवाला मागच्या नळीत प्रोब घालून आकडा पाहतो, गाडीखाली कोणी वाकत नाही.

पंधरा वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी येतेच. आरटीओने तेव्हा ती खालून पाहावी. जाळी जागेवर असेल आणि आवाज मर्यादेत असेल, तर हेडर मूळ कंपनीचा नाही एवढ्यावरून मालकाला यवतमाळच्या चकरा मारायला लावू नयेत. वणीहून तिथे जायला शंभरावर किलोमीटर पडतात. जाळी नसेल तर ती बसेपर्यंत नूतनीकरण थांबवावं. आणि भंगार दुकानात येणाऱ्या प्रत्येक कन्व्हर्टरसोबत तो कोणत्या गाडीचा, हे नोंदवणं सक्तीचं करावं.