जीभ कीं लेबल?

आमच्या एका स्नेह्यांच्या कपाटांत व्हिस्कीच्या आठ बाटल्या आहेत. त्या सर्व चाखून त्यांनीं प्रत्येकीस शंभरांपैकीं गुण दिले व ती गुणानुक्रमाची यादी आम्हांस मोठ्या अभिमानानें दाखविली. पाहतों तों हा क्रम किंमतीच्या क्रमाहून तिळमात्रही भिन्न नाहीं! मग जिभेस श्रम कशाला दिले? दुकानदाराचें दरपत्रक तेंच सांगत होतें.

यावर वयाचा दाखला पुढें करण्यांत येतो. स्कॉच व्हिस्की स्कॉटलंडांत ओकच्या पिंपांत निदान ३ वर्षें मुरली पाहिजे, असा कायदा आहे खरा. परंतु बाटलींत भरल्यावर तिचें मुरणें संपतें. गडद रंग हाही पुरावा नव्हे. कारण रंगासाठीं कॅरमेल घालण्यास तोच कायदा मुभा देतो. शिवाय बंगळूर किंवा गोवा येथील उष्ण हवेंत मद्य लवकर मुरतें व पिंपांतून उडूनही लवकर जातें. तेव्हां तेथील वर्षें स्कॉटलंडच्या वर्षांनीं मोजणें व्यर्थ होय.

डोळा जिभेस किती फसवितो, हें २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगांत दिसून आलें. पांढऱ्या वाइनला केवळ तांबडा रंग देतांच वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनीं तिचें वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलें. उलट १९७६ सालीं पॅरिसमध्यें नांवें झांकून परीक्षा झाली, तेव्हां फ्रेंच परीक्षकांनींच कॅलिफोर्नियाच्या वाइनांना पहिला क्रमांक दिला.

कोणी म्हणेल, घरगुती विरंगुळ्यास एवढा खल कशाला? आमचें उत्तर असें कीं, विरंगुळा असेल तर खुशाल प्यावें. पण गुण दिले कीं न्यायाचें ओझें आलेंच. आम्हीं आजवर ज्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्यांवर नांव नसे, क्रमांक असे. आणि तें योग्यच होतें, कारण ओळखीचें नांव दिसतें तर आमचाही हात ढळता.

आमच्या आग्रहावरून स्नेह्यांनीं बाटल्या कागदांत गुंडाळून पुन्हां परीक्षा घेतली. आठवी दुसरी आली, पहिली पांचवी गेली. "आज जीभ बरोबर नाहीं," असें ते म्हणाले. जीभ त्याच दिवशीं बरोबर होती, असें आमचें मत आहे.

हा दोष बाटल्यांपुरताच असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु पुस्तक उघडण्यापूर्वीं लेखकाचें नांव वाचून अभिप्राय ठरविणारे आमच्यांत थोडे नाहींत. आणि त्या यादींत आम्हीं स्वतःस वगळलेलें नाहीं.