बाबासाहेबांचा चेहरा ट्रेसच्या बटणावर सोडू नका

14 एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीतून टी-शर्टाच्या ऑर्डरी निघतात. निळा शर्ट, छातीवर बाबासाहेब, पाठीवर मंडळाचं नाव. छपाईवाल्याकडे मात्र जातो व्हॉट्सअॅपवर शंभर ठिकाणी फिरून आलेला फोटो. "यातलंच काढा, अर्जंट आहे." दुकानातला पोरगा तो कोरल ड्रॉमध्ये टाकतो, ट्रेसचं बटण दाबतो आणि बाबासाहेबांचे डोळे कसे दिसावेत हे सॉफ्टवेअर ठरवतं. अशोकचक्राचे 24 आरे मोजता येत नाहीत, ते एकमेकांत मिसळलेले असतात. आणि तोच शर्ट घालून आपण मिरवणुकीत उभे राहतो!

यावर बोललं की काही कार्यकर्ते म्हणतात, भावना महत्त्वाची. फाईलबिईल दुकानदाराचं काम, आपलं काम विचारांचं. आम्हाला हे मान्य नाही. डोक्याने काम करणारा वर आणि हाताने काम करणारा खाली, ही उतरंड कुणाची आहे? 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती, हे आपण भाषणात दरवर्षी सांगतो. त्याच बाबासाहेबांनी पुढे भारत भूषण छापखाना उभा केला, तो कशासाठी? आपला मजकूर आपल्या हातात राहावा म्हणूनच ना?

गडद निळ्या शर्टावर एका पांढऱ्या रंगात छापायचं असेल, तर सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. मूळ चित्र पांढऱ्या कागदावर काळ्या रेषांचं असतं. ते तसंच फिल्मवर काढून पांढऱ्या शाईने छापलं की केस पांढरे, चष्म्याची काडी पांढरी आणि चेहरा निळा, म्हणजे फोटोची निगेटिव्ह! यासाठी चित्र नव्याने बांधावं लागतं. जिथे चेहऱ्यावर उजेड आहे तिथे शाई, जिथे सावली आहे तिथे कापड मोकळं. हे बटण दाबून होत नाही. बसून, चेहरा नीट पाहून करावं लागतं. आम्हाला विचाराल तर हाही अभ्यासच आहे.

बाकीचं फार अवघड नाही. छातीवर 10 इंच रुंद फोटो छापायचा, तर 300 डीपीआयने 3000 पिक्सेल लागतात. छोटा फोटो ओढून मोठा केल्याने हे पिक्सेल येत नाहीत. रेषांचं चित्र व्हेक्टरमध्ये काढलं तर हा प्रश्नच उरत नाही. जितके रंग तितक्या फिल्म, आणि प्रत्येक फिल्म पूर्ण काळी. करडं काही चालत नाही. करड्या छटा हव्या असतील तर हाफटोनचे ठिपके करावे लागतात. रंग एकमेकांवर नीट बसावेत म्हणून प्रत्येक फिल्मवर जुळणीच्या खुणा हव्यात. गडद कापडावर लाल-पिवळा हवा असेल तर खाली पांढरा थर द्यायचा आणि तो कडेने किंचित आत घ्यायचा, नाहीतर पांढरी किनार डोकावते.

देवनागरीचं दुखणं वेगळंच. दुकानाच्या कॉम्प्युटरवर आपला फॉन्ट नसला की 'जय भीम'ची अनाकलनीय चिन्हं होतात. म्हणून अक्षरं कर्व्हमध्ये बदलून द्या. पण त्याआधी दोघांकडून वाचून घ्या, कारण कर्व्ह झाल्यावर वेलांटी टाईप करून दुरुस्त करता येत नाही. 22 प्रतिज्ञा पाठीवर छापायच्या असतील तर अक्षर मोठं ठेवा. बारीक अक्षरांच्या पोटात शाई भरते आणि वाचायला काही उरत नाही.

हे सगळं करणारी पोरं वस्तीत आहेत. पॉलिटेक्निकला जाणारी, रात्री मोबाईलवर डिझाईन शिकणारी. त्यांना आपण आदल्या रात्री फोन करतो, "एक छोटंसं काम आहे" म्हणतो, आणि पैशाचं नाव काढत नाही. डीजेवाल्याला मात्र आगाऊ रक्कम जाते. यंदा मंडळाच्या हिशोबाच्या वहीत डिझाईनचा खर्च वेगळा लिहा, फाईलची ऑर्डर मार्चमध्येच द्या, आणि शंभर शर्ट छापण्याआधी एक छापून, धुऊन बघा.