खोट्या गजराची किंमत कोण मोजतं?

संगणक-सुरक्षेवर व्याख्यानं देत फिरणाऱ्या एका सल्लागारांचं म्हणणं गेले काही महिने कानावर येतंय. अँटीव्हायरसने एखादी फाइल उडवली तर हुज्जत घालू नका, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. शंभर निरपराध अडकले तरी चालतील, पण एक गुन्हेगार सुटता कामा नये. सामान्य माणसाला फाइलींतलं काही समजत नाही, तेव्हा त्याला विचारत बसायचीही गरज नाही. आणि सॉफ्टवेअर अस्सल असेल तर त्याने घाबरायचं कशाला? यावर सभागृहात टाळ्या पडतात, कारण व्हायरसची धास्ती सगळ्यांनाच असते. मला मात्र या मांडणीची चीड येते.

न्यायाचं तत्त्व आपण लहानपणापासून ऐकत आलो ते नेमकं उलट आहे. ते उलटं का फिरवलं, याचं एकही कारण हे गृहस्थ देत नाहीत.

‘त्याला जास्त कळतं’ हा दावा तर इतिहासापुढे टिकतच नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीच्या ‘एसव्हीसीहोस्ट’ या फाइललाच व्हायरस ठरवलं. तिच्यावाचून विंडोजच्या कित्येक सेवा चालत नाहीत. संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले, नेटवर्क तुटलं, त्यामुळे दुरुस्तीही नेटवरून पोचेना. माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन ती फाइल हाताने परत बसवावी लागली. अमेरिकेतल्या र्‍होड आयलंड राज्यात काही रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, ऑस्ट्रेलियात कोल्स या सुपरमार्केट साखळीची काही दुकानं बंद ठेवावी लागली. सप्टेंबर २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अँटीव्हायरसने गूगल क्रोमला बँकेची माहिती चोरणारा व्हायरस समजून लोकांच्या संगणकांवरून काढून टाकलं. पुढच्याच वर्षी, १९ सप्टेंबर २०१२ ला, सोफॉस या अँटीव्हायरसने स्वतःचाच अपडेट आणणारा प्रोग्राम संशयित ठरवला आणि चूक सुधारणारा अपडेट येण्याची वाटच अनेक ठिकाणी बंद झाली. ज्याला आपला आणि परका ओळखता आला नाही, त्याच्यापुढे मान तुकवा असं सांगायला या गृहस्थांना संकोच कसा वाटत नाही?

‘पण पाच-सात अँटीव्हायरस एकच बोलत असतील तर?’ असंही ते विचारतात. २०१० मध्ये कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीने याचा प्रयोगच केला होता. वीस निरुपद्रवी फाइली तयार केल्या, त्यांतल्या दहांवर मुद्दाम खोटा शिक्का मारला आणि एकच फाइल अनेक अँटीव्हायरसकडून तपासून देणाऱ्या व्हायरसटोटल या संकेतस्थळावर त्या चढवल्या. दीडेक आठवड्यात त्या दहाही फाइली इतर कंपन्यांच्या लेखी धोकादायक झाल्या, काही तर चौदा कंपन्यांच्या लेखी. तेव्हा पाच जणांचं एकमत म्हणजे पाच जणांची तपासणी, असं धरून चालता येत नाही.

आता माझा खरा राग. ‘अस्सल असेल तर घाबरायचं कशाला’ या वाक्यावर माझा राग आहे, कारण ते खरं असलंच तर फार तर मोठ्या कंपन्यांपुरतं.

अशा खोट्या गजरात सापडणारं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर काय करतं ते पाहा. तुम्ही कळ दाबता. ती वर्डपर्यंत किंवा पेजमेकरपर्यंत पोचण्याआधीच हे सॉफ्टवेअर तिला मधल्यामध्ये अडवतं, कुठली कळ आहे ते बघतं, आधीच्या अक्षराशी तिचं जोडाक्षर होतंय का ते ठरवतं आणि मग देवनागरी अक्षर पुढे सोडतं. तुम्ही कुठल्याही खिडकीत लिहा, प्रत्येक कळ आधी त्याच्या हाताखालून जाते. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही सुरुवात अशीच करतो. फरक पडतो तो पुढे. तो कळा साठवतो आणि गुपचूप बाहेर पाठवतो, टायपिंगचं सॉफ्टवेअर तसलं काही करत नाही. पण केवळ वागणुकीवरून अंदाज बांधणाऱ्या अँटीव्हायरसला पहिला अर्धा भाग दिसतो आणि तेवढ्यावर तो निकाल देऊन मोकळा होतो.

त्यात भर पडते लोकप्रियतेच्या मोजमापाची. आजचे बरेच अँटीव्हायरस एखादी फाइल जगात किती संगणकांवर दिसते हे बघून तिची पत ठरवतात. कोट्यवधींनी उतरवलेलं ब्राउझर विश्वासार्ह, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या दोनशे डीटीपीवाल्यांनी वापरलेला जुन्या फाँटातला मजकूर बदलून देणारा कन्व्हर्टर ‘अनोळखी’. म्हणजे लहान भाषेचं, लहान धंद्याचं, एकट्यादुकट्या प्रोग्रामरने केलेलं जे जे आहे, ते जन्मतःच संशयित. ‘मग सही करून घ्या की’, हे त्यावरचं उत्तर. ती डिजिटल सही म्हणजे कोड सायनिंगचं प्रमाणपत्र. ते विकत घ्यावं लागतं, मुदत संपली की पुन्हा घ्यावं लागतं, आणि १ जून २०२३ पासून त्याची गुप्त किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवण्याचा नियम झाल्यामुळे खर्च आणि खटाटोप दोन्ही वाढले. एवढं करूनही नव्या सहीला पत कमवायला वेळ लागतोच. जो माणूस शंभर रुपयांना किंवा फुकट कन्व्हर्टर देतो, त्याने हे कुठून आणायचं?

याचा अर्थ कामाच्या टेबलावर काय होतो तेही सांगतो. लग्नसराईतली संध्याकाळ, पत्रिकेचा मजकूर अर्धा बसलेला, गिऱ्हाईक समोर उभं. स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवी चौकट उगवते: ‘धोका दूर केला, तुमचा संगणक सुरक्षित आहे.’ पुढच्या क्षणी ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरं उमटू लागतात. ऑपरेटर बाई भाषेचं बटण दाबून पाहतात, संगणक बंद करून चालू करतात, फाँट पुन्हा टाकतात. हिरव्या चौकटीचा आणि बंद पडलेल्या कीबोर्डाचा संबंध त्यांना कोणी सांगितलेलाच नसतो. ‘सामान्य माणसाला काही समजत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी आधी त्याला समजेल असं एक वाक्य लिहून दाखवावं.

इथे मला जुना वाद ऐकवला जाईल: अजून जुने फाँट कशाला कवटाळता, युनिकोडवर या. हा वाद मी पुष्कळ घातलाय आणि युनिकोडच्या बाजूनेच घातलाय. पण ज्याच्या कपाटात पंचवीस वर्षांच्या दिवाळी अंकांच्या फाइली जुन्या फाँटात पडून आहेत, त्याला युनिकोडवर यायला कन्व्हर्टरच लागतो. तोच उडवलात तर तो येणार कसा? दुसरा जुना वाद चोरट्या प्रतींचा. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायरस असतात हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पैसे मोजून घेतलेल्या अस्सल प्रतीला त्याची शिक्षा का?

आणि सुरक्षेचं म्हणाल तर खोटा गजर सुरक्षेचाच घात करतो. चारदा काम अडलेला माणूस अख्खा सी ड्राइव्ह अपवादांच्या यादीत टाकतो, नाहीतर अँटीव्हायरसच बंद करून ठेवतो. मग खरा व्हायरस आला की त्याला कोण अडवणार?

मग करायचं काय? अँटीव्हायरस काढून टाका असं मी कधीच म्हणणार नाही. माझी मागणी साधी आहे. महिनोन् महिने बिनबोभाट चाललेली फाइल एकाएकी संशयित वाटली, तर ती न विचारता उडवू नये. बाजूला ठेवावी, कुठल्या प्रोग्रामची आहे आणि त्यामुळे काय बंद पडेल हे मराठीत सांगावं, परत आणायचं बटण तिथेच द्यावं. अपडेट आधी थोड्या संगणकांवर सोडावा, मग सगळीकडे. वापरणाऱ्याने सॉफ्टवेअरची मूळ प्रत आणि लायसन्स वेगळ्या पेनड्राइव्हवर जपून ठेवावं. फाइल उडालीच तर आधी ‘क्वारंटाइन’, म्हणजे बाजूला ठेवलेल्या फाइलींची यादी, उघडून तिचं नाव लिहून घ्यावं, बनवणाऱ्याला फोन करून खात्री करावी, आणि मगच अपवाद करावा, तोही त्या एका फाइलपुरता. खोट्या गजराची तक्रार नोंदवायची सोय बहुतेक अँटीव्हायरस कंपन्यांकडे असते, ती वापरावी.

नवा अपडेट सोडण्याआधी या कंपन्या निर्दोष फाइलींच्या संग्रहावर त्याची चाचणी घेतात. त्या संग्रहात मराठी, कोकणी, कन्नड, गुजराती टायपिंगची सॉफ्टवेअरं आणि कन्व्हर्टर घाला, एवढंच मागणं आहे. आमच्या व्याख्यात्यांची या कंपन्यांत ऊठबस आहे. पुढच्या व्याख्यानाआधी त्यांनी हे मागणं तिथे पोचवावं.