निसर्गचित्र पाहताना

निसर्गचित्र म्हटले की दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठावर एक झोपडी, एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येते. शाळेतील चित्रकलेच्या वहीने लावलेली ही सवय होय. भिलाईच्या सिविक सेंटरमधील नेहरू आर्ट गॅलरीत पाऊल टाकणारा प्रेक्षकही बहुधा ती सोबत घेऊनच येतो. मग धुरांडी किंवा राबणारी माणसे असलेले चित्र त्याला निसर्गचित्र वाटतच नाही. हा समज तपासून पाहण्यास साडेतीनशे वर्षांपूर्वीचे एक डच चित्र उपयोगी पडते.

याकोब फान राइसडाल याने १६७० ते १६७५ च्या सुमारास हार्लेम शहराचे दृश्य रंगविले. द हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातील हे चित्र जेमतेम दोन फूट रुंद आहे. त्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग आकाशाने व्यापला आहे. ढगांच्या फटींतून उतरलेले ऊन सपाट जमिनीवर ठिकठिकाणी पडले आहे. क्षितिजावर शहर आणि त्यातून वर आलेले संत बाव्होचे चर्च दिसते. अलीकडच्या हिरवळीवर मात्र लांबच लांब पांढरे पट्टे आहेत. ते पाण्याचे पाट नव्हेत. उन्हात पसरलेले कापड आहे. छत्तीसगडच्या शेतकऱ्याला परिचित असलेल्या जवसाच्याच खोडापासून लिननचा धागा निघतो. त्याचे कापड क्षाराच्या पाण्यात व ताकात भिजवून गवतावर पांढरे केले जाई. वाळूच्या टेकड्यांतील स्वच्छ पाण्यामुळे हार्लेमचा हा धंदा इतका नावाजला, की परदेशांतूनही कापड तेथे येत असे.

याच शहराने १५७२-७३ मध्ये स्पेनच्या सैन्याचा सात महिन्यांचा वेढा सोसला आणि अखेर शरणागती पत्करली. डच प्रजासत्ताकाचे स्वातंत्र्य स्पेनने मान्य केले ते १६४८ च्या तहाने. नव्या धर्मपंथाला चर्चमध्ये चित्रे नको होती. म्हणून चित्रकार बाजाराकडे वळले आणि व्यापारी, कारागीर आपल्या घरांसाठी लहान चित्रे विकत घेऊ लागले. (वेंगुर्ल्याची डच वखार याच शतकातली, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे.)

इतिहास न जाणताही चित्राचा आनंद घेता येतो, असे काहींचे मत आहे. ढगांपुरते ते खरे आहे. परंतु ते पांढरे पट्टे इतिहासाविना नुसते रंगच राहतात. राइसडालचीही एक उणीव सांगितली पाहिजे : त्याची माणसे इतकी चिमुकली आहेत, की त्यांचे वाकलेले कंबरडे दिसत नाही.

भिलाईचा भूप्रदेशही माणसाने घडविलेलाच आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, भातशेतीच्या गावांची जमीन गेली आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आषाढात या भट्ट्यांवरचे आकाश हार्लेमइतकेच भरून येते. ते रंगविताना खालची धुरांडी वगळणारा चित्रकार अर्धेच भिलाई रंगवितो. आणि धुरांड्यांखाली गेलेली शेते ज्याला आठवत नाहीत, तोही.