तण, तणनाशक आणि चोरटें बियाणें

पहूरच्या काळ्या रानांत मृगाचा पाऊस पडला कीं कपाशीबरोबर तणहि माजतें. निंदणीस बायका वेळेवर मिळत नाहींत. म्हणून शेतकरी ग्लायफोसेट या तणनाशकाकडे वळतो. त्याचा हा गुण अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जॉन फ्रान्झ यांनीं १९७० सालीं ओळखला. वनस्पतींस अत्यावश्यक असें एक विकर तें निकामी करतें; त्यामुळें तण आणि पीक दोन्ही वाळतात.

पुढें एका जंतूंत या औषधास न जुमानणारें विकर सांपडलें. त्याचें जनुक पिकांत घालण्यांत आलें, आणि १९९६ पासून असें सोयाबीन अमेरिकेंत पेरलें जाऊं लागलें. आपल्याकडे सरकारी मान्यता नसतां अकोला जिल्ह्यांतील अकोली जहांगीर येथें शेतकऱ्यांनीं जून २०१९ मध्यें अशी कपाशी उघडपणें लाविली.

त्यांची निकड खरी. परंतु चोरट्या बियाण्यास पावती नसते. तें खोटें निघाल्यास एका फवारणींत उभी कपाशी जळते, आणि दाद कोणाकडे मागावी हें उमगत नाहीं. अमेरिकेंत तर राजगिऱ्याच्या कुळांतील एक तण आतां हें औषधहि पचवितें.

ज्या वाचकांची शेती गांवीं वाट्यानें दिलेली असेल, त्यांनीं नुसता उपदेश न करतां निंदणीच्या खर्चाचा वाटा उचलावा. चोरट्या पुडीचा मोह त्यानेंच कमी होईल.